चिमणीची खोली

विद्यापीठात तिला सगळे मावशी म्हणायचे. फाटकावरचा रखवालदार, ग्रंथालयातला शिपाई, कॅन्टीनवाली, वर्गातली पोरं, अगदी इतिहास शिकवणारे जाडे सरसुद्धा. तिचं खरं नाव तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. रोज सकाळी व्हीलचेअर ढकलत मुलीला आणायचं, वर्गात नेऊन बसवायचं आणि तास सुटेपर्यंत दाराबाहेरच्या बाकावर बसून राहायचं, हे तिचं काम. मुलगी तिची पोटची. जन्मतःच पाठीच्या कण्यात दोष होता, कमरेखाली संवेदना नव्हती. जन्मली तेव्हा इतकी एवढीशी होती की घरात तिला चिमणी म्हणायला लागले, ते कायमचंच. चिमणीला ते नाव मनापासून आवडायचं नाही, पण आईला कोण समजावणार?

मावशीचा नवरा गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करायचा. घरी येऊन हात धुवायचा, जेवायचा आणि गप्प बसायचा. मुलाचं लग्न झालं, सून आली आणि वर्षभरात स्वयंपाकघर तिच्या ताब्यात गेलं. "आई, तुम्ही राहू द्या, मी बघते," असं ती इतक्या गोड आवाजात म्हणायची की भांडायलाही जागा उरायची नाही. घरात मावशी असली काय नि नसली काय.

विद्यापीठात मात्र ती कुणीतरी होती. कुणाचं बटण तुटलं तर सुईदोरा तिच्या पिशवीत. परीक्षेच्या दिवशी पोरी तिच्याकडून वेणी घालून घ्यायच्या. कुणाचं कुणाशी जमलंय, कुणाचं फिसकटलंय, सगळं बाकावर आपोआप कळायचं. रखवालदार लांबूनच हात करायचा, "काय मावशी, आज उशीर?" एवढ्या चार शब्दांवर तिचा दिवस जायचा. चिमणी अशी जन्माला आली याचं दुःख तिला होतंच, पण चिमणी चालती असती तर आपण या फाटकातून कधी आत तरी आलो असतो का, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं होतं. तेव्हा तिने स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं.

दुसऱ्या वर्षाला अपंग विद्यार्थ्यांच्या मदत केंद्रात नव्या मॅडम आल्या. स्वतः कुबडी घेऊन चालायच्या, पण चालणं असं की बरोबरच्याची दमछाक व्हावी. पहिल्याच भेटीत त्यांनी चिमणीला विचारलं, "तुला इथे काय काय अडतं?"

"तसं काही नाही हो," मावशी म्हणाली. "मी असते ना."

"मी तिला विचारलंय," मॅडम म्हणाल्या. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात. आणि चिमणी जी बोलायला लागली ती थांबेचना. मावशी ऐकत राहिली. आपल्या मुलीला इतकं काही अडतं, हे तिला माहीतच नव्हतं. त्यातलं निम्मं अडणं म्हणजे आपणच आहोत, हे तिला घरी पोचेपर्यंत उमगलं.

मॅडमनी भराभर चक्रं फिरवली. बॅटरीवर चालणारी खुर्ची आली. चिमणी एका बोटाने दांडी हलवायची नि खुर्ची गर्रकन वळायची. वसतिगृहात तळमजल्यावरची खोली मिळाली, रुंद दाराची, न्हाणीघरात भिंतीला दांडे लावलेली. सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस बाई ठरली. तिने चिमणीला पलंगावरून गुळगुळीत फळीच्या आधाराने खुर्चीत कसं सरकायचं ते शिकवलं. नर्सने लघवीची नळी आपली आपण कशी घालायची ते दाखवलं. आजवर हे सगळं मावशीचे हात करत आले होते.

खोली लावून झाल्यावर मावशीने विचारलं, "मग मी कधी येऊ?"

"कशाला?"

"अगं, कशाला म्हणजे?"

"आई, आता सुट्टी. तुला पण आणि मला पण. जा, घरी आराम कर."

घरी कसला आराम! "आता दिवसभर मोकळ्याच आहात ना," म्हणत सुनेने जुन्या कपड्यांचं गाठोडं पुढ्यात टाकलं. नवरा म्हणाला, "सुटलीस एकदाची." मावशीने त्याच्याकडे बघितलं. हा माणूस आपल्याला इतक्या वर्षांत जराही ओळखत नाही, हे तिला त्या दिवशी पक्कं कळलं.

महिना काढला तिने कसाबसा. मग एका दुपारी डबा भरून निघाली. फाटकावर रखवालदार उठूनच उभा राहिला, "अहो मावशी! कुठे गायब?" तिचे डोळे भरून आले. वसतिगृहात खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून हसण्याचा नुसता कल्लोळ. चिमणी पलंगावर उशीला टेकून बसली होती, भोवती तीन मैत्रिणी. तिचे केस कानापर्यंत कापलेले होते. ज्या केसांना मावशीने रोज तेल लावून वेणी घातली, ते केस. आणि चिमणी नक्कल करत होती.

"'तिला ना, तिखट सोसत नाही हो. तिला ना, वारा बाधतो.' मी शिंकले की ही माझं नाक पुसणार! आणि ऐक ना, तो गणितवाला एकदा बोलायला आला होता माझ्याशी. तर ही मध्ये तोंड घालून म्हणते, 'जरा थांब हं बाळा, तिच्या नळीची वेळ झालीय.'"

पोरी हसून हसून पलंगावर आडव्या झाल्या. तेवढ्यात चिमणीला दारातली आई दिसली. मैत्रिणी पटकन सावरून बसल्या. चिमणी मात्र ओशाळली नाही.

"ये ना आई," ती म्हणाली. "तुझंच चाललंय."

मावशीने डबा टेबलावर ठेवला, पोरींकडे बघून हसल्यासारखं केलं आणि बाहेर पडली. फाटकाकडे जाताना वाटेत मदत केंद्राचं दार उघडं होतं. तिने काही ठरवलं नव्हतं. पाय वळले.

"मॅडम, एक सांगायचं राहून गेलं. तिला फिट येतात."

मॅडमनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "कधीपासून?"

"लहानपणापासून. फार नाही, पण येतात. झोपेत जास्त. आम्ही लपवलं. म्हटलं, खोली मिळणार नाही."

पूर्वी शेजारच्या एका पोराला फिट यायची, ती मावशीने दोनदा पाहिली होती. तीच तिने सांगितली. दात कसे आवळतात, डोळे कसे फिरतात, हात कसे झटकले जातात. एकदा सुरुवात झाल्यावर टाक्यापुढे टाका घालावा तसं सगळं सुचत गेलं.

चिमणीला बोलावलं तेव्हा तिने आकाशपाताळ एक केलं. "मला उभ्या जन्मात फिट आलेली नाही! खोटं बोलतेय ती!" विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. काही निघालं नाही. पण डॉक्टर म्हणाले, "तपासणीत दिसत नाही म्हणजे येतच नाही असं नसतं. शिवाय झोपेत येत असेल तर हिला कळणार कसं? जवळ झोपणारं माणूस सांगेल तेच धरावं लागतं."

शेवटी सगळ्यांसमोर मॅडमनी विचारलं, "आई, नक्की ना?"

चिमणी तिच्याकडे बघत होती. "आई," ती हळू आवाजात म्हणाली, "सांग ना गं."

"कुठली आई स्वतःच्या लेकीबद्दल असलं खोटं बोलेल?" मावशी म्हणाली.

 सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटीने राहायला मनाई झाली. खोली दुसऱ्या मुलीला गेली. मदतनीस बाईचं काम सुटलं. शेवटच्या दिवशी ती चादरी घडी करायला आली आणि मावशीला म्हणाली, "तुमची पोरगी चांगली तयार झाली होती हो." बस, एवढंच. मावशीने तिच्याकडे बघायचं टाळलं.

डॉक्टरांनी एक वाट मोकळी ठेवली होती. सहा महिने फिट आली नाही तर पुन्हा विचार करू. चिमणी घरी परतली ती वेगळीच होऊन. आदळआपट नाही, टोमणे नाही. फळीवरून सरकायचा सराव मात्र रोज. एकदा तर केस पुसून देणाऱ्या आईचा हात धरून म्हणाली, "आई, तुझी चूक झाली असेल गं. लहानपणी कधी ताप चढला असेल, मी थरथरले असेन. तुला वाटलं असेल फिट. तसं सांगितलंस तरी चालेल. कुणी तुला बोलणार नाही."

"असेल," मावशी म्हणाली. "तसंही असेल."

चिमणीने त्या रात्री तिच्याशी पोटभर गप्पा मारल्या. मावशीला वाटलं, मुलगी परत मिळाली. पण दिवस उजाडला की बाक होता, रखवालदाराचा हात होता, पोरींच्या वेण्या होत्या. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी विचारलं, "मधल्या काळात काही?"

मावशी खाली बघत म्हणाली, "परवाच आली होती."

चिमणी या वेळी ओरडली नाही. फक्त हसली. 

आठवडाभराने कॅन्टीनमध्ये मावशी कॅन्टीनवालीशी गप्पा मारत जेवायला बसली होती. पहिला घास उचलला आणि मागून आरडाओरडा. चिमणी खुर्चीत ताठ झाली होती, हात झटके देत होते, डोळे पांढरे. मावशी धावली. गुडघ्यांवर बसून तिने मुलीला खाली घेतलं, कुशीवर वळवलं. भोवती गर्दी. तिने तोंड जवळ नेलं तेव्हा चिमणीने तिच्या कानात विचारलं, "बरोबर करतेय ना गं? हात असेच सांगितले होतेस ना?"

आणि तिचं बोट दातांत धरून चावलं. रक्त येईपर्यंत.

"बिचारी आई," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं.

तेव्हापासून हे सुरू झालं. मावशी ताटावर बसली की फिट. रखवालदाराशी दोन शब्द बोलायला थांबली की फिट. कुणा पोरीची वेणी अर्धी झाली की फिट. पोरी हळूहळू बाकाकडे यायच्या बंद झाल्या. दर वेळी मावशीने धावायचं, कारण न धावून सांगणार कुणाला? चिमणीने फळीही टाकून दिली. "भीती वाटते गं आई. सरकताना फिट आली तर?" मग अंगापिंडाने भरलेल्या त्या मुलीला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, उचलायचं मावशीने. नळी पुन्हा तिच्याच हातात आली. पाठीत कळा यायला लागल्या, कमरेला पट्टा लागला. घरात एकदा असाच प्रकार झाला तेव्हा नवऱ्याने लेकीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. त्याला काय कळलं कोण जाणे. तो उठून हात धुवायला निघून गेला.

शेवटी मावशीच हरली. चिमणीला घेऊन ती मॅडमपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मी खोटं बोलले. तिला कधीच फिट आली नव्हती. हे सगळं ती करतेय, मला शिक्षा म्हणून."

 मॅडम चिमणीकडे वळल्या. "तू सांग. खरं काय आहे? आई म्हणतेय ते खरं असेल तर मी आजच वर बोलते. अजून उशीर झालेला नाही."

हो म्हणाली असती तर चिमणी सुटली असती. पदवीची परीक्षा तोंडावर होती, पण पुढच्या शिक्षणाची दोन वर्षं बाकी होती, खोली परत मिळाली असती. ती आईकडे बघत राहिली. मावशीने हात जोडले. चिमणीचा चेहरा क्षणभर लहान मुलीसारखा झाला, आणि मग तिचे दात आवळले, मान मागे गेली आणि ती खुर्चीतून जमिनीवर कोसळली. डोकं टेबलाच्या पायावर आपटलं. कुबडी टाकून मॅडम खाली बसल्या. कपाळाला चार टाके पडले. कपाळ खोटं फुटलं नव्हतं, त्यामुळे बाकीचंही खरंच ठरलं.

मॅडमनी मावशीला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आई, तुम्ही फार थकलात. मुलीच्या दुखण्याला आपणच कारण आहोत, असं आईला वाटतंच. कुणाशी तरी बोलून मन मोकळं करा." इतक्या प्रेमाने मावशीशी आजवर कुणीच बोललं नव्हतं.

चिमणी पहिल्या वर्गात पास झाली. पुढचंही शिकली. मॅडम दुसरीकडे गेल्या तेव्हा केंद्रात तिलाच घेतलं, आणि तिच्यासारखं काम त्या जागेवर आधी कुणी केलं नव्हतं. परीक्षेत जादा वेळ, आंधळ्या मुलांना वाचून दाखवणारी माणसं, बंद पडलेली लिफ्ट, रुंद दारांच्या खोल्या, कशावरही ती हटून बसते. जाडे सरसुद्धा तिला टरकून असतात. मुलं तिच्यावर जीव टाकतात. तिचा एकच नियम आहे. मुलाबरोबर आईबाप आले की त्यांना दार दाखवायचं. "आईने बाहेर थांबायचं. मला हिच्याशी बोलायचंय."

त्या आया बाहेर येतात आणि बाकावर मावशीच्या शेजारी बसतात. मावशी आता वाकून गेलीय. सकाळी चिमणीला पोचवते आणि संध्याकाळपर्यंत तिथेच असते. एखादी विचारते, "मुलगी एवढी मोठी झाली, मग तुम्ही रोज कशाला येता?"

"तिला फिट येतात," मावशी म्हणते.

परवा एक बाई तिच्याकडे सरकून कुजबुजली, "माझ्या पोरीला इथे खोली देतायत. जिवाला घोर लागलाय. तुम्ही काय केलं होतंत हो तेव्हा?"

मावशीने तिच्याकडे बघितलं. बाई तरुण होती, पिशवीला घट्ट धरून बसली होती.

"मी सोडलं नाही तिला," मावशी म्हणाली.

बाईला धीर आल्यासारखं झालं. ती आणखी काही विचारणार तेवढ्यात आतून हाक आली, आणि मावशी भिंत धरून उठायला लागली. घाई करावी लागते तिला. पोचायला उशीर झाला, तर चिमणी खुर्चीतून खाली आलेली असते.