आठ कार्डं आणि एक ओला हात

आमच्या मोहल्ल्यात कुणाला काही 'दिसलं' की आधी मला हाक मारतात. कारण मी जाऊन ते खोटं पाडते. विहिरीवरची पांढरी बाई? वाळत घातलेला झब्बा निघाला. कौलांवरची पावलं? शेजाऱ्यांचा बोकड! तेव्हा माझ्यासारखीनेच असलं काही लिहायला बसावं म्हणजे हसण्यासारखंच आहे. हसा खुशाल. मी लिहिणार.

श्रीवर्धन तालुका, हरिहरेश्वरच्या जरा अलीकडे आमचं गाव. मी नसरीन, शिलाईकाम करते. नवरा मस्कतला. मोहल्ल्यातले निम्मे पुरुष आखातात, नाहीतर जहाजावर. पूर्वी सगळ्यांचे पैसे माझ्या मोठ्या दिरांच्या हातात यायचे — कुठल्याही बाईला साखर आणायची तरी त्यांच्या ओट्यासमोर जाऊन उभं राहावं लागायचं. 'परवाच तर दिले होते' हे ऐकून घ्यायचं, आणि मान खाली घालायची. मग एकेकीचं बँकेत खातं निघालं, कार्ड आलं, आणि ते उभं राहणं संपलं. त्या कार्डाची किंमत आम्हालाच ठाऊक.

आता आमचा शहाणपणा ऐका. सणाच्या आठवड्यात गावातलं एटीएम मशीन कोरडं. पर्यटक येतात आणि धुऊन नेतात. म्हणून प्रत्येक ईदच्या आधी मी माझं कार्ड आणि आणखी सात जणींची कार्डं घेऊन श्रीवर्धनला जायचे. कुठलं कुणाचं हे कळावं म्हणून जिचा ईदचा ड्रेस माझ्याकडे शिवायला, त्याच कापडाच्या चिंधीत तिचं कार्ड गुंडाळायचं. आणि चिंधीवर पेनाने पिन! हो, माहितीये, अकलेचे तारे तोडले. पण आठ पिन लक्षात कोण ठेवणार, आणि आपल्यातच काय लपवायचं, असं वाटायचं.

गेल्या रमजानची गोष्ट. पंचविसावा रोजा, दुपारचे दोन-अडीच. बाजारात मुंगीला शिरायला जागा नाही. एटीएमबाहेर रांग. (बँकेचं नाव लिहीत नाही.) माझा नंबर आला, आत गेले, दार लागलं. डाव्या हाताने पर्स आणि चिंध्या छातीशी धरलेल्या. कार्ड घातलं, पहिला आकडा दाबणार... तर माझ्या उजव्या हातावर वरून एक हात आला.

म्हाताऱ्या बाईचा. मनगटावर हिरवं गोंदण, लुगड्याचा काठ, आणि सुक्या बोंबलांचा असा वास — तोही रोजा असताना! हात गार होता, ओला होता.

"झाकून दाब गं बाय," कानाशी आवाज आला. "जगाला कशाला दावतेस?"

मी चिडले. "आजी, बाहेर रांगेत उभ्या राहा!"

"तू तुझं काम कर."

कुणाच्या बापाला न भिणारी मी... पण मान वळली नाही. भीती म्हणाल तर नव्हती, नुसती मान वळेना. एकामागून एक आठही कार्डं झाली, तो हात तसाच वर. बाहेरून लोक ओरडायला लागले — "भाभी, अख्खी बँक घरी नेताय काय?"

शेवटची स्लिप आली, हात गेला. वळले तर आत कुणी नाही.

दार उघडून रांगेतल्या पहिल्या माणसाला विचारलं, "त्या आजी कुठे गेल्या?" तो बोटीवरचा तांडेल होता. म्हणाला, "कुठली आजी? तुम्ही एकट्याच होतात. आणि भांडत कुणाशी होतात?"

मला वाटलं, चोरच असणार! रस्त्यातच पैसे मोजले, कार्डं मोजली. सगळं जागेवर होतं. उपाशी पोटी ऊन लागलं असेल म्हटलं, आणि बांगड्यांच्या दुकानात शिरले.

ईद झाल्यावर चार दिवसांनी बोंब उठली. त्या मशीनवर ज्यांनी ज्यांनी पैसे काढले, त्यांची खाती साफ. त्या तांडेलाचंही. बिचाऱ्याने जाळ्यांसाठी ठेवलेले पैसे गेले. आठ घरं! पण आमच्या एकीचाही रुपया हलला नव्हता.

पुढे चोर पकडले गेले आणि पोलिसांनी मला बोलावलं. कार्डाच्या फटीत कार्डाची नक्कल उतरवणारं यंत्र, आणि आकड्यांच्या वर एक पट्टी चिकटवून तिच्यात बारीक कॅमेरा बसवला होता. चोरांच्या लॅपटॉपवर सगळ्यांची बोटं दिसत होती, अगदी स्पष्ट. माझी वेळ आली की काळं. आठही वेळा काळं.

"मॅडम, हाताने झाकलंत ना?" साहेब खूश झाले. मग त्यांनी बँकेच्या कॅमेऱ्याचं शूटिंग लावलं. त्यात मी एकटी. उजव्या हाताने आकडे दाबतेय, डावा हात छातीशी. आकड्यांवर काहीही नाही. साहेबांनी ते तीनदा मागे-पुढे केलं.

"जाऊ दे. जबाबात लिहितो, स्वतःच्या हाताने झाकलं."

"मी सही करणार नाही. माझा हात नव्हता तो."

"मग कुणाचा?"

"पोलीस तुम्ही का मी?"

शेवटी 'पिन झाकलेला होता' एवढंच लिहिलं. त्यावर सही केली.

सासूबाई म्हणाल्या, कुणी बुजुर्ग, पीर-अवलिया असणार. मी म्हटलं, अम्मी, बुजुर्गांना बोंबलांचा वास? कुणी म्हणालं, तुझी आजी. माझ्या आजीने उभ्या जन्मात लुगडं नेसलं नाही. ती आमच्यातली नव्हती, माझ्या ओळखीचीही नव्हती.

खरा संताप पुढे आहे. मोठे दीर सातही घरांत फिरले. "बायकांचं काम नाही हे. कार्डं माझ्याकडे द्या." मस्कत, कुवेत, सगळीकडे फोन लावले. माझा नवरासुद्धा म्हणाला, "दे ना भाईंना, कशाला डोक्याला ताप?" म्हणजे चोरांकडून वाचलेलं घरच्यांच्या हवाली करायचं!

मी दिरांच्या ओट्यावर गेले. उभी राहिले नाही, बसले. ते म्हणाले, "अल्लाहने एकदा वाचवलं, नेहमी वाचवेल असं नाही."

"भाईजान, तिने मला झाकून दाब सांगितलं. कार्ड दिराला दे असं नाही सांगितलं."

घरी येऊन सातही चिंध्या चुलीत घातल्या. जिचं तिला कार्ड परत दिलं, म्हटलं, नवा पिन घ्या, मलाही सांगू नका. बकरी ईदच्या आधी आम्ही आठ जणी एसटीने श्रीवर्धनला गेलो. दिरांनी आठवडाभर तोंड फिरवलं. फिरवू देत.

ती कोण होती, मला आजही माहीत नाही. त्या शूटिंगचा अर्थ पोलिसांनाही लागला नाही, मला काय लागणार? तर्क असेल तर सांगा. 'भास' म्हणणार असाल तर आधी त्या काळ्या पडद्याचं सांगा.

बकरी ईदच्या त्या फेरीत सगळ्यात शेवटी आत गेली जुबेदाचाची. सत्तरीची, आयुष्यात मशीनला हात न लावलेली. मी दाराबाहेर. बराच वेळ झाला. अखेर बाहेर आली, नोटा ओढणीत घट्ट बांधलेल्या.

मी हळूच विचारलं, "चाची, आत कुणी आलं होतं का मदतीला?"

"कोण कशाला येल?" चाची माझ्यावरच खेकसली. "मी हाय ना!"