बिनकडू कोयनेल

हिवतापावरची कडू कोयनेलची गोळी तोंड वाकडं न करता कडाकडा चावून खाणारा अख्ख्या सोलापुरात मी एकटाच गडी. त्या गोळीत कोयनेल न्हवतंच, खडू आन् पीठ हुतं, हे मला सरकारी दवाखान्यात कळलं.

माझी बायकू गोदा खाटंवर पडलेली. हात ठिवला तर चटका बसावा असं अंग. डाक्टरांनी तिच्या डाव्या बरगडीखाली दाबून बघितलं आन् म्हनले, "मलेरिया आहे. स्प्लीन वाढलीय."

मलेरिया म्हंजे आपला हिवताप. स्प्लीन म्हंजे पानथरी. हिवताप लई दिवस मुरला की ती फुगती.

"औषध काय देतोस?" डाक्टरांनी इचारलं.

"कोयनेल की, सायेब. आमी दोघं बी घेतो. बिनकडू हाय, लई उंची माल."

डाक्टरांनी हात पुढं केला. "दाखव."

म्या दिमाखात कमरंची बाटली काढली. त्यांनी गोळी जिभेवर ठिवली. "वरनं साखर लावली असंल," म्या त्यांची समजूत घातली. त्यांनी गोळी मोडली, आतनं चाटली आन् थुकून टाकली.

"याला काउंटरफिट म्हणतात," डाक्टर म्हनले. म्हंजे नकली माल. "बाटली खरी, वरचा कागद खरा, गोळी खोटी. बायकोला औषध म्हणून तू खडू चारत होतास."

माझं तोंड त्या दिवशी पयल्यांदा वाकडं झालं.

आता ती बाटली माझ्याकडं कशी आली ते सांगतो. मी सिद्राम, टांगेवाला. सोलापुरातनं निघून नाका वलांडला की निजामाचा मुलूख लागतो, आमी त्याला मोगलाई म्हनतो. तितल्या एका गावाला माझी नेहमीची फेरी. तितनं एक चष्मेवाला शेठ औषधाच्या पेट्या घेऊन सोलापूरच्या बाजाराला यायचा. मला हिवानं कुडकुडताना बघून त्यानं मायेनं बाटली दिली. मी त्याच्या पाया पडलो.

हिवताप लई लबाड. एक दिवस येतो, एक दिवस रजेवर जातो. रजेच्या दिवशी मी गोळीला शाबासकी द्यायचो आन् टांगा अड्ड्यावर चार मानसांसमोर चावून दावायचो. मंग गोदाला ताप आला. ती पोस्टात मिळनारी कोयनेलची सरकारी पुडी मागत हुती. म्या म्हनलं, "अगं, ती कडूजहर असती. तुला कशाला तरास?" लाडानं चारल्या गोळ्या. ती बरळाय लागली तवा तिला टांग्यात घालून आनलं.

डाक्टरांनी तिला इंजेक्शन दिलं. इंजेक्शन म्हंजे सुईनं अंगात औषध घालनं. मंग मला भाईर बोलावलं. "खरं कोयनेल माझ्याकडं थोडंच उरलंय. वॉर्ड भरलाय. निम्म्या लोकांकडं तुझ्यासारखीच बाटली आहे. बाजारातनं आणायचं, तर कुठल्या बाटलीवर भरवसा ठेवू? आणि मधेच औषध तुटलं तर हिचा ताप उलटेल."

मी पायरीवर बसलो. आत ती माझं नाव घेत हुती. शुद्धीत ती माझं नाव कदी घेत न्हाय, म्हनून जास्त भ्या वाटलं.

डाक्टरांनी फौजदारांना बोलावलं. फौजदार म्हनले, "पेट्या मोगलाईतून येतात. नाक्यापलीकडं माझी टोपी चालत नाही."

"मग ज्याची चालते त्याला बोलवा," डाक्टर म्हनले.

मोगलाईतल्या पोलिसांचा सायेब म्हंजे अमीन. नाक्यावरच्या लिंबाखाली दोघांची गाठ पडली. शेठ माझंच गिऱ्हाईक, म्हनून मला बी नेलं. पयल्यांदा दोघं भांडलेच. अमीन म्हनाला, "हमारे तरफ भी लोगां मर रहें. हम समझे, ये माल सोलापूर से आता!" फौजदार म्हनले, "आन् आम्ही समजतो तुमच्याकडून येतो!" एकमेकाकडं बोट दावत दोघांनी किती दिवस घालवले हुते कुनास ठाऊक. तवर तो शेठ मधनं माझ्याच टांग्यात आरामात ये-जा करत हुता.

"घर कुठलं त्याचं?" फौजदारांनी मला इचारलं.

"ठावं न्हाय, सायेब."

"अरे, तू त्याला घेऊन जातोस ना?"

आता काय सांगू? त्या गावाच्या येशीपाशी गेलो की मला हमखास थंडी भरायची. मी घोंगडी पांघरून पुढच्या बैठकीवर आडवा व्हायचो. शेठ म्हनायचा, "झोप बाबा, मी हाकतो." तोच टांगा घराकडं न्यायचा, पेट्या चढवायचा. मला जाग यायची ती नाक्यावर. मी त्याला लई दयाळू समजत हुतो.

फौजदारांनी कपाळावर हात मारला. अमीन मातुर मिशीत हसला. "मियां, तुम सोते थे. घोडा तो नइं सोता था ना?"

टांग्याचं घोडं रोजच्या गिऱ्हाइकाच्या दारात आपसूक थांबतं, हे अड्ड्यावर कुनाला बी ठावं असतं. मला बी हुतं. पर आठवलं न्हाय.

मी म्हनलं, गोदाला सोडून मी येनार न्हाय. डाक्टरांनी सांगून पाठिवलेलं, "तू उशाशी बसून ताप उतरत नाही. जा." मंग गेलो. येशीपाशी अमीन म्हनाला, रोजच्यासारखं झोप. मी घोंगडी घेतली. सोंग करायचं हुतं, पर थंडी खरीच आली. लगाम सैल सोडला. मागं दोन सरकारं पाठीला पाठ लावून बसलेली, दोघांनी साध्या टोप्या घातलेल्या. आमचा घोडा पाखऱ्या गल्लीनं गेला, मशिदीवरनं वळला, तेलाच्या घान्यामागं एका दारात थांबला आन् मान हलवून उभा ऱ्हायला. त्या दारात त्याला गूळ मिळायचा, हे बी मला तवाच कळलं.

दार अमीनानं ठोठावलं, कारन मुलूख त्याचा. आतल्या बाटल्या फौजदारांनी वळखल्या, कारन बाजार त्यांचा. खडूच्या गोन्या, पिठाची परात, गोळ्या पाडायचा साचा, दवाखान्यांच्या उकिरड्यावरनं येचलेल्या बाटल्या. शेठ मागच्या दाराकडं पळाला आन् पाखऱ्यासाठी गूळ घेऊन आतनं येनाऱ्या त्याच्याच म्हाताऱ्या आईला धडकून पडला. दोघांनी मिळून धरला. दाराला कुलूप एकच, शिक्के दोन.

परत निघताना अमीनानं मला इचारलं, "तुमारी घरवाली कैसी है?"

म्या सांगितलं, की सुई चालू हाय, पर कोयनेल सरायला आलंय. त्यानं शिपाई पाठवून त्यांच्या सरकारी दवाखान्यातली कोयनेलची पेटी आनवली आन् टांग्यात ठिवली. नाक्यावर कुनी अडवू ने म्हनून फौजदार ती मांडीवर घेऊन बसले, लेकरागत.

डाक्टरांनी पेटीतली एक बाटली फोडली, चिमूट जिभेवर ठिवली, आन् त्यांचं तोंड असं वाकडं झालं की म्या दवाखान्यात मोठ्यानं रडलो.

गोदा हळूहळू शुद्धीवर आली. गिळाय लागल्यावर डाक्टर सुईऐवजी पुडी द्याय लागले. पयली पुडी म्या माझ्या हातानं दिली. तिनं डोळं मिटलं, नाक चढवलं, जीभ भाईर काढली. लगनातल्या हळदीतबी ती मला एवढी सुंदर दिसली न्हवती.

हिवतापाच्या मंडळींनो, कोयनेल कडू लागलं तर देवाचं नाव घ्या. कडू न्हाय लागलं तर बाटली तशीच दवाखान्यात न्या, फेकू नका. आन् जो सायेब म्हनंल की ही माझी हद्द न्हाय, त्याला लिंबाखाली दुसऱ्या सायबाशेजारी नेऊन बसवा.

गोदा उठून बसली तवा म्या वॉर्डाला सगळी हकिकत रंगवून सांगितली. मी कसा सोंग घेऊन निजलो, मी कसा शेठला पकडून दिला. तवर डाक्टरांनी माझी पुडी तिच्या हातात दिली, कारन पानथरी माझी बी वाढलेली. पुडी जिभेला लागली आन् मी असा वरडलो की शेजारच्या खाटंवरचा म्हातारा उठून बसला.

गोदानं माझं नाक धरलं. "अवं, शेठला घोड्यानं धरून दिलं, तुमी निस्तं झोपलावता. आता गप गिळा, मला त्याला गूळ द्यायला जायचंय."