इंजिनाला बांधलेला दुपट्टा

राजुऱ्याच्या देवराव मिस्त्रींनी प्रफुलच्या मोटारीला इंजिनात जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवून दिला होता. पण जोरात पळवली की गाडी अडखळे, आणि "मिस्त्रीनं इंजिन बिघडवलं" असे प्रफुल चहाच्या टपरीवर सांगत सुटला. ते देवरावांच्या जिव्हारी लागले. त्यांनी प्रफुलला गाडीसकट बोलावून बॉनेट उघडले, तर हवेच्या फिल्टरवर जाड दुपट्टा घट्ट गुंडाळलेला.

"हे काय रे?"

"खाणीतल्या कोळशाची धूळ जाते ना आत, भाऊ. आपण तोंडाले नाई बांधत?"

"मंग तसाच बांधून धावून दाखव! जोरात धावताना हवा जास्त लागते, तुलेही आन् इंजिनलेही."

दुपट्टा काढताच गाडी सुसाट पळाली. प्रफुल हसला, देवराव हसले नाहीत.

"हा दुपट्टा घे आन् चाल टपरीवर. जिथी मले बदनाम केलं, तिथीच सांग."