बाबांना बेस ऐकू यावी म्हणून

ग्वाल्हेरच्या मराठी मंडळाच्या ऑर्केस्ट्रात मी पाच वर्षं बेस गिटार वाजवली. पाचही वर्षं दसऱ्याचा कार्यक्रम संपल्यावर बाबा मला एकच सांगायचे, "छान दिसत होतीस गं. ऐकू मात्र काही आलं नाही." तो टोमणा नव्हता. माणूस खरं बोलत होता, आणि तेच मला जास्त झोंबायचं.

माझी बेस जुनी आणि साधी होती. तारांखाली आवाज पकडणारा पिकअप, दोन बटणं आणि वायर खोचायचं भोक, संपलं. ढोलक आणि कीबोर्ड सुरू झाले की तिचा आवाज खाली दबायचा. ऑर्केस्ट्रातले सगळे मला म्हणायचे, "तू बजा ना, फील तो आता है." डोंबलाचं फील! समोर बसलेल्या माझ्या बापापर्यंत पोचत नव्हतं ते.

सहाव्या वर्षी राज्याचे दोन तुकडे व्हायचं ठरलं. सरकारी नोकरांच्या याद्या निघाल्या, कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार. बाबांचं नाव नव्या राज्यात निघालं, रायपूरला. निवृत्तीला चार वर्षं उरलेली. त्यांनी अर्ज केले, इंदरगंजच्या कचेरीत खेपा घातल्या, काही झालं नाही. शेवटी एकदा जेवताना म्हणाले, "आपले लोक दख्खनेतून घोड्यावर बसून इथवर आले. मी तर रेल्वेनं जाणार. त्यात काय एवढं?" आणि भात तसाच टाकून उठले. माझ्या नोकरीमुळे आई आणि मी ग्वाल्हेरलाच राहणार होतो. म्हणजे हा दसरा त्यांचा इथला शेवटचा. मी तिथंच ताटावर ठरवलं, यंदा बाबांना बेस ऐकू येणार म्हणजे येणारच.

बिर्ला नगरात एक मिस्त्री होते. गिरणी बंद पडल्यापासून ते अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे. बेसच्या पोटात बसेल असा छोटा प्रीअँप बनवून द्यायला ते तयार झाले. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारं सर्किट, आवाज वायरीत शिरायच्या आधीच त्याला जोर देणारं. म्हणाले, "मैडम, बाईपास स्विच भी लगवा लो. बैटरी गई तो पुराने ढंग से बज जाएगी."

"नको," मी म्हटलं. "मला जुन्यासारखं वाजवायचंच नाहीये."

वर मी एक लाल दिवाही मागितला, सर्किट चालू आहे ते दाखवायला. हौसेला मोल नसतं. मिस्त्रींनी तोही लावला आणि बजावलं, "वायर अंदर है तो सर्किट चालू है. बजाके निकाल लेना, नहीं तो बैटरी खा जाएगा." मी हो हो म्हटलं.

बॅटरीसाठी बेसच्या पाठीत मी स्वतः पटाशीनं खाच कोरली. तीन रविवार गेले. "चांगल्या वाद्याला भोकं पाडतेय, वेड लागलंय कार्टीला," असं आई येता-जाता म्हणायची. पहिल्यांदा वाजवली तेव्हा मांडणीवरच्या वाट्या थरथरल्या आणि आई त्या धरायला धावली. बाबा तेव्हा घरी नव्हते. नंतर ते "दाखव तरी" म्हणाले, पण मी दसऱ्याआधी ऐकवायला साफ नकार दिला.

आमचं घर शिपाईगड्यांचं. खंडेनवमीला पणजोबांची तलवार ट्रंकेतून निघते. तिच्या शेजारी आईचं शिवणयंत्र, बाबांचं पेन, माझी बेस, सगळ्यांना हळदीकुंकू, सगळ्यांवर झेंडू. एकदा पूजेत ठेवलेली वस्तू दसऱ्याची पूजा होईपर्यंत हलवायची नाही. भोकात कुंकू जाऊ नये म्हणून मी दरवर्षी वायर खोचूनच बेस पाटावर ठेवायची. यंदाही खोचली. फुलांमधून तो लाल दिवा चमकत होता. आई खूश होऊन म्हणाली, "बघ गं, देवीपुढे यंदा दोन अखंड दिवे!" आणि मी दीडशहाणी, मीही हसले.

दसऱ्याला संध्याकाळी मंडळात बेस अ‍ॅम्प्लिफायरला जोडली, तर आवाज नाही. दिवा विझलेला. खोचलेल्या वायरीनं कालपासून बॅटरी खाऊन टाकली होती, हे एकदम डोक्यात आलं. जुनी बेस निदान हळू तरी वाजली असती. ही पार मुकी. आणि मिस्त्रींचा स्विच कुणी नाकारला होता? मीच. दुसरी बॅटरी आणलेली नव्हती, आणि दसऱ्याला दुकानं सगळी बंद. बाबा तिसऱ्या रांगेत येऊन बसलेसुद्धा.

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष दिसले. हातात बिनतारी माईक घेऊन ते भाषणाची तालीम करत होते. त्या माईकमध्ये तीच चौकोनी बॅटरी असते, हे मला ठाऊक होतं. मी सरळ जाऊन हात पुढे केला.

"काका, माईक द्या. बॅटरी हवी."

"अगं, माझं भाषण आहे! बदलीवर जाणाऱ्यांचा निरोप आहे!"

"वायरचा माईक आहे ना. आणि तुमचा आवाज तर माईकशिवायच सिटी सेंटरपर्यंत जातो."

आजूबाजूचे हसले. काका पुटपुटले, "बापरे, काय चिवट पोरगी आहे ही," पण माईक दिला. मी बॅटरी काढली, बेसच्या पाठीत बसवली. लाल दिवा लागला. मी आवाजाचं बटण होतं तेवढं फिरवलं.

चार गाणी झाली. बाबांकडे बघायची माझी छातीच झाली नाही. कार्यक्रम संपला, लोक सोनं वाटायला लागले. बाबा आपट्याची पानं घेऊन आले, माझ्या हातावर ठेवली. मी वाकून नमस्कार केला. ते म्हणाले,

"तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याला तू चुकलीस."

चुकलेच होते. एक सूर भलतीकडे पडला होता.

"तुम्हाला कळलं?"

"न कळायला बहिरा आहे का मी? चांगला छातीत येऊन आदळला."

मला रडूच फुटलं, भर मंडळात, सगळ्यांच्या देखत. बाबा गांगरले. माझ्या डोक्यावर हात ठेवून पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "अगं, एवढं काय त्यात? बाकी सगळं नीट होतं. एकच तर चूक झाली." मी चुकल्याबद्दल रडतेय, असं वाटलं त्यांना.