लाडवांवरचा आळ

सायलेंसरच्या नळीला पाडलेल्या त्या भोकाबद्दल मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायको असती तर आधी तिला सांगितलं असतं, असं लिहिणार होतो. पण त्यानंतर ती वीस-बावीस वर्षं माझ्यासमोर होती, तेव्हाही सांगितलं नाहीच.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आम्ही राजधानीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात राहत होतो. शेजारचे एकेक जण यमुनेपलीकडच्या नव्या सेक्टरांत फ्लॅट घेत होते, खाली नव्या गुळगुळीत गाड्या उभ्या राहत होत्या. त्यांच्या रांगेत माझी जुनी चौकोनी गाडी होती. मी तिचा तिसरा मालक. त्या संक्रांतीला ऑफिसातली चार-पाच मराठी कुटुंबं पानिपतला, मराठ्यांच्या लढाईच्या जागी, काला अंबला जाणार होती आणि आम्ही आमच्या गाडीनं येऊ, असं मी सगळ्यांना मोठ्या तोंडानं सांगून बसलो होतो.

दोन दिवस आधी गाडी प्रदूषणाच्या चाचणीत नापास झाली. पंपावरच्या माणसानं मागच्या नळीत कांडी घातली, यंत्रावरचा आकडा चढत गेला. "साहब, ये तो चलता-फिरता चूल्हा है," तो म्हणाला. मी घरी येऊन एअर फिल्टर झटकला, प्लग काढून पॉलिश पेपरनं घासले. पुन्हा नापास. आमचा नेहमीचा मिस्त्री म्हणाला, "पेट्रोल ज़्यादा पी रही है. दो दिन छोड़ जाओ, खोलके देखूँगा."

"परसों संक्रांत है."

"तो बाद में घूम आना. पानिपत कहीं भागा जा रहा है?"

रस्त्यात पोलीस सर्टिफिकेट मागतात, ही धास्ती होतीच. त्याहून मोठी धास्ती दुसऱ्यांच्या गाडीत कोंबून जावं लागण्याची. दुसऱ्या एका पंपाजवळ टपरीत एक जण अशी कामं करायचा. तो गाडीखाली सरपटला आणि इंजिनाकडून येणाऱ्या नळीला त्यानं ड्रिलनं भोक पाडलं. "अब हवा मिल जाएगी, मशीन को कम दिखेगा. बाद में बंद करा लेना." गाडी पास झाली. त्या भोकाच्या वरचा, मागच्या सीटखालचा पत्रा गंजून चाळण झालेला होता. ते मला माहीत होतं.

संक्रांतीच्या सकाळी दाट धुकं होतं. बायकोनं तिळाचे लाडू केले होते, नऊ वर्षांच्या मुलीनं निघतानाच दोन खाल्ले. ती मागे शाल पांघरून बसली. थंडीमुळे सगळ्या काचा वर. माझी तेवढी बोटभर खाली, समोरच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून. गाडीत एक नियम होता, माझाच. शाळेत, गल्लीत, टीव्हीवर हिंदीच. निदान गाडीत तरी मराठी बोलायचं.

सोनीपतच्या पुढे ती म्हणाली, "बाबा, सर दुखतंय."

"सर नाही. डोकं."

"डोकं दुखतंय."

"शाब्बास."

"पित्त झालं असेल," बायको म्हणाली. "उठल्या उठल्या दोन लाडू हाणलेत बाईसाहेबांनी."

थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला. "बाबा, मला घुटन होतेय."

"मराठीत सांग."

"ते... आतून बंद बंद..."

'गुदमरतंय' हा शब्द तिला येत नव्हता. मी तो कधी शिकवला नव्हता. तरी परीक्षकासारखा वाट बघत होतो. "आठव, आठव."

बायकोनं मागे वळून बघितलं.

"अहो, झोपली वाटतं," बायको म्हणाली.

माझ्या कानशिलात केव्हापासून ठोके पडत होते. आणि मला ते भोक आठवलं. खरं लिहायचं तर आठवलं नाही. धुराचा वास मला घरून निघतानाच आला होता. ब्रेक नीट दाबता येईना. गाडी कशीबशी एका ढाब्यासमोर घेतली, मागचं दार उघडलं, तिला हलवलं. तिची मान कलंडली. उचलून बाहेरच्या खाटेवर ठेवलं. तिच्या तोंडाशी पांढरं काही हलत होतं. तो तिचा श्वास होता की धुकंच, मला कळत नव्हतं. मी तोंडाजवळ कान नेला, तर मला माझंच काळीज ऐकू येत होतं.

चहा पीत बसलेला एक म्हातारा ट्रक ड्रायव्हर धावत आला. त्यानं तिचे तळवे चोळायला घेतले, गाडीच्या उघड्या दाराकडे नाक केलं. "भाईसाहब, अंदर तो धुआँ भरा पड़ा है. साइलेंसर फटा है क्या?"

बायको माझ्याकडे बघत होती.

"नहीं, नहीं," मी म्हणालो. "इसने खाली पेट तिल के लड्डू खा लिए."

"लड्डू से बच्चा बेहोश नहीं होता, जनाब."

तेवढ्यात मुलगी खोकली आणि भडभडून ओकली. उलटीत तीळ होते. बायकोनं ते पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. तिनं ड्रायव्हरपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला.

आम्ही पानिपतला पोचलोच नाही. दोघींना बसनं घरी नेलं. गाडी तापली, असं त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी एकटा, चारही काचा उघड्या ठेवून ती ढाब्यावरून मिस्त्रीकडे घेऊन आलो. थंडीत जास्त पेट्रोल सोडणारी चोकची तार अर्ध्यात अडकून राहिली होती. त्यानं तेलाचे दोन थेंब सोडले, तार मागेपुढे केली. "बस, इतनी सी बात थी." मग खाली वाकून त्यानं विचारलं, "ये छेद किस गधे ने किया?"

"पता नहीं," मी म्हणालो.

बायकोनं पुन्हा कधी तिळाचे लाडू केले नाहीत. शेजारणींनी दिलेला तिळगूळ डबीत तसाच पडून राहायचा. शेवटच्या आजारात एकदा ती म्हणाली, "मी मारलंच असतं हो पोरीला." मी तिचा हात धरून बसलो.

मुलगी आता गुरुग्रामला असते. दर संक्रांतीला ती आपल्या मुलाला सांगते, आपल्याला तीळ सोसत नाहीत. हे कागद आधी तिच्याकडे जातील. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून शेवटचं तेवढं मोठ्या अक्षरात लिहितो आहे. बाळ, तुला तीळ सोसतात. तुझ्या आईचे लाडू चांगले होते.