पत्रूला ऐकू येतं

माझा धाकटा भाऊ तीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करतोय. मशीन आलं की आधी स्क्रूड्रायव्हर उचलायचा नाही, चाक फिरवून कान लावायचा. "आवाजच सांगतो कुठं दुखतंय ते," म्हणायचा. आणि त्याच माणसाचे कान गेले! मला सांगितलं कुणी, तर त्याच्या दुकानाशेजारच्या शिंप्यानं. मी तरातरा निघाले. पर्समध्ये नवं कुलूप टाकलं. दुकान बंद करायचं आणि याला घरी न्यायचं. एकटा जीव, कशाला हवाय पसारा?

जाऊन बघते तर काय, हा समोरच्या रिकाम्या स्टुलाशी बोलतोय! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. कान गेले ते गेले, आता डोकंही?

मी पुढ्यात जाऊन उभी राहिले. "कुणाशी बोलतोस रे?"

माझे ओठ वाचून तो लाजला. "पत्रूशी."

पत्रू म्हणजे पत्र्याचा माणूस. राहतो याच्या मनात. कान मंदावायला लागले तेव्हापासून दोन वर्षं रोज सकाळी अर्धा तास डोळे मिटून यानं तो जोडला होता. एकेक भाग पुढून, मागून, खालून लख्ख दिसल्याशिवाय पुढचा स्क्रू लावायचा नाही. नुसत्या मानेला तीन आठवडे! सगळा उभा राहिल्यावर लक्षात आलं, मानेत तेल सोडायला भोकच ठेवलं नाही. मग पठ्ठ्यानं अख्खा पत्रू खोलला आणि पहिल्यापासून जोडला. त्यात आणखी चार महिने गेले.

"अरे मेल्या, मनातलाच ना? पाडायचं की भोक!"

"असं कसं, ताई? पत्र्याचा कीस आत गिअरमध्ये पडतो."

मी कपाळाला हात लावून मटकन खाली बसले.

तेवढ्यात एक बाई मशीन घेऊन आली. यानं ते टेबलावर ठेवलं, डावा तळवा टेबलावर टेकला, चाक फिरवलं आणि स्टुलाकडे बघितलं. "पत्रू म्हणतोय, खालचं शटल घासतंय." उघडलं तर खरंच घासत होतं. मी हबकलेच.

बाई गेली. तो पुन्हा कामाला लागला. तोंडावर बोलायचा धीर होईना, म्हणून मी त्याच्या मागं गेले, बाजूनं हात लांबवून टेबलाची कड धरली आणि बोलले, "चल रे घरी. तुला काही झालं तर हाक मारलेलीसुद्धा ऐकू यायची नाही. मला भीती वाटते रे."

तो वळला नाही. चाक थांबवलं, स्टुलाकडे बघून मान हलवली.

"ताई, पत्रू म्हणतोय तू रडतेयस."

मी चमकून स्टुलाकडे बघितलं. मग टेबलाकडे लक्ष गेलं. माझे दोन्ही हात तिथं थरथरत होते आणि त्याचा तळवा अजून टेकलेलाच होता.

कुलूप मी बाहेर काढलंच नाही. निघताना वाटेत ते स्टूल आलं. मी त्याला वळसा घालून गेले.