आधी दुसऱ्याचं नाव सांगा

अन्याय झाला तो माझ्या आत्याच्या मालकांवर. वार सोमवार, वेळ सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं, ठिकाण आमच्या ग्रामपंचायतीची पत्र्याची खोली, आणि प्रसंग उपसरपंचाच्या निवडीचा. मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे, त्यामुळे कोणावर, कधी आणि कुठे हे आधी सांगून टाकायची मला सवय. कोणी केला ते पुढे येईलच. पण हा अन्याय कळायचा तर आधी माणूस कळायला हवा. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात, आणि आमच्या मामांबद्दल मी छातीठोकपणे सांगते की तोरण्यापासून भोरपर्यंत एवढा हट्टी माणूस शोधून सापडायचा नाही. हट्टी माणसं तशी घरोघर असतात. पण बाकीचे स्वतःपायी हट्ट करतात, मामांचा सगळा हट्ट शेजारच्या माणसापायी!

मामांचं म्हणणं असं, की पहिला असतो तो दाखवण्यापुरता. बघायचं ते त्याच्या जोडीला कोण आहे. बैलजोडी बघायला गेले, की विकणारा ज्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवत असेल त्याच्याकडे हे ढुंकून बघत नाहीत. "ह्यो तर तुमी धुऊनपुसून आनलाय. त्यो पल्याडचा चालवून दाखवा," म्हणतात आणि त्या पल्याडच्याचे खूर उचलून बघत बसतात. एसटीत बसायचं तर ड्रायव्हर गेला चुलीत, हे कंडक्टरचं तोंड बघणार. एकदा नसरापूरच्या लग्नाला निघाले असताना वेल्ह्याच्या स्टँडवर त्यांनी लागोपाठ दोन गाड्या सोडल्या. एका कंडक्टरनं म्हातारीची कोंबड्यांची पाटी आत घेताना नाक मुरडलं म्हणून, आणि दुसरा उगाचच घंटीची दोरी ओढत होता म्हणून. "डायवर काय, रस्ता धरूनच जानार. पर आपल्याला कुठं उतरवायचं त्ये कंडक्टरच्या हातात!" तिसऱ्या गाडीनं पोचले तेव्हा मांडववाले मांडव सोडत होते. आत्या मात्र पहिल्याच गाडीनं गेली होती. ती अजून सांगते, "मी अक्षता टाकल्या, जेवले, दोन जनींशी बोलून बी आले. ह्यांना घरी येऊन पिठलं घातलं!"

स्वतःच्या मुलीचं लग्न ठरवतानाही तीच तऱ्हा. वरव्याहून एक स्थळ आलं होतं. मुलगा कंपनीत, दिसायला बरा, बरोबर एक मित्र. मामांनी मुलाला विचारलं, कुठली पाळी असते? मित्र म्हणाला, दिवसपाळीच. मामांनी विचारलं, घरी शेतात कोण बघतं? मित्र म्हणाला, वडील बघतात. पोह्यात मीठ ठीक आहे का, असं आत्यानं विचारलं, तर त्यालाही मित्रच म्हणाला, झकास! मामांनी शांतपणे बशी खाली ठेवली. "पोरगी द्यायची कुनाला? ह्याला, का त्याला? संसार त्योच करनार असंल तर त्याच्या आईबापाला घेऊन या." स्थळ गेलं. आत्या आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पुढं माझ्या या आतेबहिणीला फार चांगलं घर मिळालं, आणि त्या जावयाच्या मित्रानं बघायला आला तेव्हा सांडलेला चहा स्वतः पुसला होता, हा पुरावा मामा आजही कुठल्याही वादात मधेच काढतात.

आता अशा माणसाच्या हातात मोबाईल आला आणि त्यांना कळलं, की अमेरिकेत अध्यक्षाच्या निवडणुकीला उभा राहणारा आपला उपाध्यक्ष मतदानाच्या आधीच जाहीर करतो आणि दोघांची नावं एकाच चिठ्ठीवर असतात. झालं! मामांना दुसरं घर सापडल्यासारखं झालं. ते वेल्ह्याच्या सलूनमध्ये दाढीला साबण लावलेला असताना हात उडवून बोलायला लागले, "ह्याला म्हनायची मानसं! नवरी दाखवतानाच पाठराखीन कोन येनार त्ये सांगत्यात." न्हावी म्हणाला, "मामा, हलू नका. उपाध्यक्ष ऱ्हाईल बाजूला आन् कान जाईल." दुसऱ्या खुर्चीवरच्या गिऱ्हाइकानं विचारलं, "तुमचं मत हाय व्हय तितं?" मामा म्हणाले, "मत न्हाई म्हनून डोळं मिटायचं का?" मी तिथं गेले होते भिंतीवर पत्रक चिकटवायला. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की लोक पहिल्या नावालाच मत देतात, दुसरं नाव म्हणजे वरातीतला बॅन्डवाला, त्याच्यासाठी कोणी लग्नाला येत नाही. मामांनी साबणातूनच माझ्याकडे बघितलं. "दुसऱ्यानं मतं येत्यात असं मी कुठं म्हनलो, बाय? दुसऱ्यावरनं पयला कळतो."

मग आमच्या गावची निवडणूक लागली. सरपंचपद बाईसाठी राखीव होतं, आणि आमच्या पॅनेलनं वहिनींना उभं केलं. सगळ्या गावाच्याच या वहिनी शिवणाचा वर्ग चालवतात, सरळ आहेत, मी त्यांच्यासाठी मनापासून राबले. पॅनेल मात्र चालवत होते त्यांचे दीर. पत्रक मी लिहिलं. मामांनी ते पुढून वाचलं, मागून वाचलं, उजेडात धरून वाचलं, आणि म्हणाले, "तुज्या पत्रकात 'जाहीर' लई आन् सांगनं कमी. उपसरपंच कोन?" दीर म्हणाले, "मामा, सरपंच लोकं निवडत्यात. उपसरपंच नंतर सदस्यांनी निवडायचा. कायदाच हाय तसा." मामा म्हणाले, "कायदा निवडायला नंतर सांगतो. बोलायला कुठं नंतर सांगतो?"

दिरांना ते परवडणारं नव्हतं, कारण आमच्या खोऱ्यात उपसरपंचपद हे हळदीकुंकवासारखं असतं. येईल त्याच्या कपाळाला लावायचं. मामांनी दोन दिवस फिरून चौकशी केली, तर गावात तीन उपसरपंच आधीच निघाले! तिघांनाही 'कुणाला बोलू नका' म्हणून शब्द दिलेला, आणि तिघंही एकाच हॉटेलच्या बाकावर शेजारी शेजारी बसून, मनात एकमेकांची कीव करत चहा पीत होते. मामांनी बाकासमोर उभं राहून तिघांना मोठ्यानं रामराम घातला, "काय उपसरपंच, काय उपसरपंच, काय उपसरपंच!" त्या दिवशी संध्याकाळी पॅनेल मोडायला आलं. शेवटी वहिनी म्हणाल्या, "मग मामाच. तेही वरच्या वॉर्डातून उभे आहेतच. छाप गं." मामा घाबरलेच. "मी बघनारा मानूस," म्हणाले, "मला कशाला बघायच्या जागी बसवता?" पण पत्रक छापलं गेलं. एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला मामा, फेटा जरा तिरका.

वरच्या वॉर्डात धनगरांची एक वस्ती आहे, दीड तासाची चढण. गावाला जो झरा पाणी पुरवतो तो या वस्तीच्या डोक्यावर. नळाची पाइप त्यांच्या गोठ्यांना घासून खाली गावात जाते, आणि वस्तीला त्यातून थेंब नाही. त्यांची मागणी एकच, जाता जाता एक नळ द्या. आजवर खालच्या कुठल्याच पॅनेलला त्यांनी मतं दिली नव्हती. मामा मला घेऊन वर गेले. तिथली सर्वांत जुनी म्हातारी, तिला सगळी वस्ती आज्जी म्हणते, पत्रकातल्या वहिनींच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "ही कुनाची?"

"ही सरपंच व्हनार."

"व्हईना बापडी. आन् ह्यो तिरका फेटा? तुमीच का?"

"मीच. तिच्या शेजारी बसलो की पयलं काम तुमच्या नळाचं."

आज्जीनं मागं वळून हाक मारली, "ए, ह्ये आपलं मामा हायेत रं! शेजारी बसनार म्हनत्यात!" एवढाच आमचा प्रचार. वहिनी जेवढ्या मतांनी निवडून आल्या त्याहून जास्त मतं त्या एका वस्तीची होती. मामांनी मला एकही टोमणा मारला नाही. फक्त चार दिवस येताजाता बॅन्डवाल्यासारखी बोटं हलवून दाखवली.

आणि मग तो सोमवार. नऊ सदस्य, दहाव्या वहिनी. मी बाहेर खिडकीशी विटा रचून त्यावर उभी होते. उपसरपंचपदाला मामांचं नाव आलं, आणि लगेच खालच्या आळीतल्या एका सदस्याचंही आलं. त्या बाकावरच्या तिघांपैकीच एक, दिरांनी ज्याला दिलेला शब्द काही परत घेतला नव्हता. हात वर करायला सांगितले. त्याच्या बाजूनं पाच. मामांच्या बाजूनं, मामांचा स्वतःचा धरून, चार. वहिनींचा हात वर झाला असता तर बरोबरी होती, आणि बरोबरीत निर्णायक मत पुन्हा वहिनींचंच. वहिनींचा हात टेबलावरून सुटला, मी डोळ्यांनी पाहिलं, खांद्यापर्यंत आला. दारात उभे असलेले दीर खाकरले. हात तसाच डोक्यावरचा पदर सावरायला गेला आणि खाली आला.

मी खिडकीतूनच ओरडले, "जाहीर निषेध!" आत सगळे दचकले. मामा उठले, निवडून आलेल्याच्या गळ्यात स्वतः हार घातला आणि खिडकीपाशी येऊन म्हणाले, "आधी खाली उतर. विटा हलत्यात."

त्याच दुपारी ते वस्तीवर निघाले. उद्या जा, म्हणाले मी, कोणी तरी कळवेल त्यांना. "दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर मी तोंड कुठं दावू?" म्हणाले. चढताना माझा राग काही मावेना. मी खोचून विचारलं, "मामा, दुसऱ्यावरून पहिला कळतो ना? मग वहिनी कळल्या का?" त्यांनी पुढचा टप्पा चढून घेतला. मग म्हणाले, "हात उचलला व्हता तिनं. पदर आडवा आला."

आज्जीनं पत्रक गोठ्याच्या कुडात खोचून ठेवलं होतं. मामा बसले नाहीत, उभ्यानंच म्हणाले, "आज्जे, मी न्हाई झालो उपसरपंच." तिला आधी समजलंच नाही. तिनं कागद काढून आणला. "कागदावर तर तुमीच हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्ये लिवलं कुनी गं?"

"मी."

"आमाला वाचता आलं असतं," ती म्हणाली, अगदी साधेपणानं, "तर आधीच कळलं असतं व्हय, खोटं हाय म्हनून?"

मी आजवर तहसीलदारापासून आमदारापर्यंत कोणापुढे गप्प बसलेली नाही. तिथं माझंच पत्रक पुन्हा वाचत राहिले. मामाच म्हणाले, "न्हाई आज्जे. पोरीनं लिवलं तवा खरंच व्हतं." तिनं आम्हा दोघांना ताक दिलं. झऱ्यावरून पाणी ज्या वाटेनं डोक्यावर आणायचं त्या वाटेकडे तिची सून घागर घेऊन निघाली होती.

मामा अजून सदस्य आहेत. दर सभेला नळाचा विषय मांडतात, दर सभेला तो पुढं जातो, आणि दर सभेनंतर ते वर चढून जातात आणि काय झालं ते सांगून येतात. न झालेलं सांगायला एवढं चढायचं कशाला, म्हणून गावात हसतात. गुडघे दुखतात, हल्ली तीनदा थांबावं लागतं. थांबले की खाली गावाकडं न बघता वस्तीकडंच बघत उभे राहतात, आणि फेटा काढून पुन्हा बांधतात. मी शेजारी उभी राहते.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, माझी मागणी ऐका. निवडणूक तुमच्याही गावाला लागेल, पत्रक तुमच्याही दारात येईल. आणणाऱ्याला उंबऱ्यावर थांबवा. शेजारी कोण बसणार ते विचारा, आणि पहिल्या नावाच्या माणसाकडून त्याच कागदावर लिहून घ्या, की सभेत याच्यासाठी माझा हात वर होईल. 'नंतर बघू' म्हणाला तर पत्रक घेऊ नका, परत करा. आणणारी मी असले, तरी करा.